गोकुळदासगुरुजींचा गुडघा

गोवा राज्य झालं त्या वर्षी आमोण्याचे गोकुळदासगुरुजी राजभाषेच्या वादातल्या सभांत दोन-दोन तास बोलत, आणि बाकीच्यांच्या भाषणांतही उभेच राहत. लोक म्हणत, काय ही तळमळ. खरं तर गुरुजींना बसता येत नव्हतं. गुदद्वाराजवळ गळू होऊन फुटलं होतं, बुजल्यासारखं वाटून पुन्हा पुन्हा वाहत होतं. मराठीसाठी घसा कोरडा करणाऱ्या या वीराला आपल्या दुखण्याचं नाव काढायला तोंड उघडत नव्हतं. बायको विनोदिनीलाही ते गुडघा दुखतो म्हणून सांगत.

श्रावणात देवळात भजनी सप्ताह असे. पंचवीस वर्षं पखवाज गुरुजींचा, आणि तो मांडी घालून वाजवायचा. ती जागा जाईल या धास्तीने ते देवीचा कौल घ्यायला गेले. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावून नारायणभटजी म्हणाले, "गुरुजी, दुखणें किदें तें सांगात. गाराणें मोठ्यान घालूंक जाय."

गाऱ्हाणं मोठ्याने घालायचं, आणि मागे दहा माणसं उभी होती. गुरुजी म्हणाले, "गुडघो."

उजवी पाकळी पडली, म्हणजे बरं होणार. गुरुजींनी महिनाभर धडधाकट गुडघ्याला तेल चोळलं. कौल खरा ठरला; गुडघा एकदाही दुखला नाही.

धोतरावरचे डाग धुणारी विनोदिनी किती दिवस गप्प बसणार? तिने त्यांना साखळीच्या वैद्यांपुढे उभं केलं.

"हा भगंदर," वैद्य म्हणाले. "आतल्या ग्रंथीत पू होऊन त्याने कातडीपर्यंत वाट पाडली. मलमाने ती बुजत नाही. वरवरची असती तर चिरली असती. तुमची स्नायूतून गेलीय. एकदम चिरली तर शौचावरचा ताबा जाईल. औषधी दोरा ओवतो, दर आठवड्याला बदलू. तो हळूहळू कापत जाईल, मागून जखम भरेल."

सात आठवडे गुरुजी साखळीला बसमधून उभ्याने गेले. सप्ताहाआधी वाट पुरी कापून दोरा सुटला, जखमही भरली. पहिल्या दिवशी ते देवीपुढे आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "भटजी, देवीक खरें सांगात. गुडघो न्हय, भगंदर आशिल्लो."

कोणीतरी खोकलं. गुरुजींचे कान तापले. मग ते मांडी घालून बसले आणि पखवाजावर थाप मारली. कुठेच कळ आली नाही, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

भजन संपल्यावर नारायणभटजी प्रसाद द्यायला वाकले आणि कानाशी म्हणाले, "तो वैद्य साखळेंत खंय बसता?"

गेले कित्येक महिने भटजी सगळी पूजा उभ्यानेच करत होते, हे गुरुजींच्या आत्ता ध्यानात आलं.

"फाल्यां आठाच्या बशीन वचूंया," गुरुजींनी लगेच उद्याचं ठरवलं. "हांवूय उबो रावतां तुमचेबराबर."