कौसल्येच्या मागे लावलेलं दुखणं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही दुसरंच काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका. अजूनही कुणी जुनं माणूस भेटलं की म्हणतं, "ताई, तुम्ही किती जणांना उभं केलंत!" आणि मी हसते. त्या हसण्याचाच आता वीट आला आहे.

गोष्ट कळंबोलीची. ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही परळची खोली सोडून तिथल्या नव्या बैठ्या घरात राहायला आलो होतो. गुडघाभर चिखल, मूठमूठभर मच्छर, आणि पाणी येईल तेव्हा येईल. एका अंगाला लोखंडाचा बाजार उभा राहत होता, दुसऱ्या अंगाला ट्रकांचे अड्डे. नवं शहर, नवं शहर म्हणून सगळे नाचत होते. पण ठेकेदार काम संपलं की निघून जातो आणि त्याने आणलेली माणसं मागे राहतात, त्यांचं काय? तापाने फणफणलेल्या क्लीनरला ट्रकवाला रस्त्याकडेला उतरवतो आणि पुढे जातो, त्या पोराने काय करायचं? आमच्या दारात ही माणसं यायची. शेवटी आम्ही काही बायकांनी मिळून खिचडी शिजवायला सुरुवात केली. जागा दिली धर्मीबाईने. जवळच्या गावची आगरी बाई, मासळी विकायची. तिची पेंढा ठेवायची शेड रिकामीच पडली होती. म्हणाली, "शेतीच गेली गो बाय, आता पेंढा कुठं हाय ठेवायला?"

तुम्हाला वाटतं, अन्नदान म्हणजे पुण्य. पुण्य कसलं, डोक्याला ताप! ओली लाकडं, डोळ्यांत धूर, तांदळात किडे. सुरुवातीला दहा बायका 'मी येते, मी येते' म्हणायच्या. मग एकीची सासू आली, एकीच्या मुलाची परीक्षा आली, एकीला धुराने शिंका यायला लागल्या. उरलो मी आणि धर्मीबाई, आणि धर्मीबाईला दुपारी टोपली घेऊन जायचंच असायचं. देणगी देणारे तर विचारू नका. एका लग्नातून उरलेलं श्रीखंड आलं, भर उन्हात आंबलेलं, आणि सोबत फोटो काढायला माणूस. नवरा म्हणायचा, घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या कोणी सांगितल्या होत्या? कोणीच नव्हत्या सांगितल्या. हौस माझीच होती.

पण हौसेमागे एक रीत होती, आणि तिचा मला अभिमान होता. आमच्याकडे फुकट कोणी जेवायचं नाही. आधी हाताला काम — कांदे सोलायचे, पाणी भरायचं, शेड झाडायची — मग पानावर बसायचं. भीक म्हणून कोणी हात पसरू नये, एवढंच. आणि दुसरं असं की, चार महिने एखाद्याला पाहिलं, तो नीट वागतो हे कळलं, की आम्ही त्याच्यासाठी शब्द टाकायचो. वजनकाट्यावर, गोदामात, ट्रकच्या अड्ड्यावर. या माणसांना ना पत्ता, ना ओळखीचं कोणी. शेडच्या ताईने 'चांगला आहे' म्हटलं की त्यांना काम मिळायचं. तो शब्द एवढीच त्यांची इस्टेट होती. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढे मी जे केलं ते याच शब्दाने केलं.

कौसल्या आली ती रिकामी पाटी डोक्यावर घेऊन. मराठवाड्यातली. खडी फोडायला टोळीबरोबर आली, तिथेच नवरा काविळीने गेला, टोळी पुढे निघून गेली. एका अड्ड्याच्या पत्र्याखाली आणखी काही बायकांबरोबर झोपायची. लहान मुलगी होती, नंदा; ती गावाला भावाकडे. भावाचं म्हणणं एकच, डोक्यावर छप्पर कर आणि लेक घेऊन जा. कौसल्येचं सगळं जगणं त्या एका वाक्याला टांगलेलं होतं. पहिल्या दिवशी तिने कांदे सोलले. दुसऱ्या दिवशी मला चुलीसमोरून हाताला धरून उठवलं, "सरा ताई, तुमास्नी जाळ जमंना," म्हणाली आणि स्वतः बसली.

आणि खरं सांगते, माझा संसार सुखाचा झाला! तिच्या हाताला माप होतं. ओल्या लाकडावर जाळ पेटायचा, शंभर पानं उठली तरी पातेल्याच्या तळाशी दोन पानांपुरतं उरलेलं असायचं, उशिरा येणाऱ्यासाठी. भांडणारे दोन हमाल तिने एका नजरेने गप्प केलेले मी पाहिले आहेत. मी सकाळी अर्धा तास उशिरा जायला लागले. मग तासभर. एकदा तर मी दुपारी झोपले — दोन वर्षांत पहिल्यांदा!

तुम्ही ओळखलंत ना, मी कुठे चालले आहे ते? मीही ओळखते, आणि म्हणून इकडचं तिकडचं सांगत बसले आहे.

पनवेलच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह नवीन निघालं होतं. तिथल्या बाई जुन्या चादरी द्यायला शेडमध्ये आल्या. कौसल्येच्या हातची खिचडी खाल्ली, तिला काम करताना पाहिलं, आणि तिथेच तिला म्हणाल्या, आमच्याकडे स्वयंपाकाला येशील का? स्वयंपाकघरामागे राहायला खोली होती. मुलीला तिथल्याच शाळेत घालता आलं असतं. कौसल्येने हात पुसले, पुन्हा पुसले, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "आमच्या ताईला इचारा."

बाईंनी मला शेडबाहेर बोलावलं. त्या सकाळी कांदे सोलणाऱ्या दोघी जणी आल्या नव्हत्या. पाणी आलं नव्हतं. आदल्या दिवशी कोणीतरी तेलाचा डबा लवंडला होता. आणि आता ही चालली! मग मी पुन्हा धुरात? पुन्हा किडके तांदूळ, पुन्हा हमालांची भांडणं? ज्या बाईला मी उभं केलं ती उभी राहिली म्हणून मला राग आला, असा विचित्र राग तुम्हाला कधी आला आहे का? बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, काही अडचण वगैरे नाही ना?

मी म्हटलं, "तशी गुणी आहे हो. फक्त — फिट येते तिला कधीकधी. चुलीजवळ जरा लक्ष ठेवावं लागतं."

हे कुठून आलं माझ्या तोंडात? आदल्याच आठवड्यात अड्ड्यावर एका क्लीनरला फिट आली होती. लोक त्याला कांदा हुंगवत होते, कोणी चप्पल. ते डोळ्यांसमोर होतं, एवढंच. 'कामचुकार आहे' म्हटलं असतं तर ते खोटं कौसल्येनेच चार दिवसांत पाडलं असतं. दुखणं कसं, कोणी तपासत नाही. आणि दुखणं सांगताना आपण वाईटही दिसत नाही, उलट मायेचे दिसतो. हे सगळं मी विचार करून केलं का? नाही. पण बोलून झाल्यावर, ते किती सोयीचं आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. बाई हळहळल्या. म्हणाल्या, अरेरे, आमच्याकडे मोठ्या चुली, लहान मुली. मी मान डोलावली.

कौसल्येला सांगितलं की त्यांनी दुसरी बाई ठेवली. ती म्हणाली, "असू द्या," आणि जाळ सारखा केला.

आता पुढचं ऐका, म्हणजे माझ्या शहाणपणाचं कौतुक वाटेल. बाई भल्या होत्या, भल्या माणसांना दुसऱ्याचं दुःख चार ठिकाणी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. महिन्याभरात ते आमच्या कॉलनीत आलं. ज्या बायका कधी शेडकडे फिरकल्या नव्हत्या त्या काळजी करायला आल्या. फिट येणारी बाई आणि चूल? काही झालं तर जबाबदार कोण? सगळ्यांनी बसून ठरवलं की कौसल्येने चुलीशी बसायचं नाही. मी त्या बैठकीत होते. चहा मीच केला होता. एक वाक्य पुरलं असतं — 'अहो, तसं काही नाही, माझी चूक झाली.' ते माझ्या तोंडून फुटलं नाही. लोक मला काय म्हणतील? शेडच्या ताईचा शब्द खोटा? उद्या बाकीच्यांना कोण कामाला ठेवेल? पाहिलंत, सबबसुद्धा किती परोपकारी होती माझी!

म्हणजे जिच्यासाठी खोटं बोलले ती स्वयंपाकीणही हातची गेली. मी पुन्हा धुरात बसले, आणि कौसल्या भांड्यांवर. तिच्या शेजारी कोणीतरी नेहमी एक चिरलेला कांदा ठेवायचं. धर्मीबाई जीव तोडून सांगायची, "आगीशी बसू नको गो, मी बगते." कौसल्या आधी हसायची, मग चिडायला लागली, मग गप्प झाली.

एक दिवस भांडी विसळता विसळता तिने मला विचारलं, "ताई, मला कवा आली फिट? मला तर कायबी आठवंना." मी म्हटलं, ज्याला येते त्याला आठवत नसतं. हे मी उत्तर म्हणून दिलं. तिने हातातलं पातेलं उपडं घातलं. मग म्हणाली, "झोपंत येत आसंल का? सकाळी आंग लई दुखतंया." दिवसभर भांडी घासणाऱ्या बाईचं अंग दुखणार नाही तर काय होणार? "तुमी बघितलंया का मला कवा?"

जे कुणालाच सांगितलं नाही ते हेच. इथवर आणलं तुम्हाला, ते यासाठी. ती खाली बसली होती आणि मान वर करून माझ्याकडे बघत होती. माझ्यावर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा माझ्या आईचाही नव्हता.

मी म्हटलं, "हो. एकदा."

पहिल्या खोट्याला निदान घाई होती, वैताग होता. याला काय होतं? काहीच नाही. भिऊन बोलले. मी पकडली जाईन म्हणून एका धडधाकट बाईला तिच्याच शरीराची भीती घातली.

त्या दिवसापासून ती बदलली. विस्तवाजवळून जाताना भिंतीला धरून जायची. कोणी कडेवर घ्यायला मूल दिलं तर मागे सरायची. रस्ता ओलांडायचा झाला तर कोणाचा तरी हात धरायची. माझाही धरला आहे तिने.

आणि मग तिचा भाऊ आला, नंदाला घेऊन. न कळवता. "जय भीम, ताई," म्हणाला आणि दारातच बसला. मी त्याच्यापुढे ताट ठेवलं. बायकोला पुन्हा दिवस गेले होते, पोर आईचा ध्यास घेऊन अन्न टाकत होती. छप्पर असो नसो, आईपाशी राहू दे म्हणून तो तिला ठेवायलाच आला होता. धर्मीबाईने ऐकलं आणि लगेच म्हणाली, "माज्या पडवीन ऱ्हावा दोगी. मी एकलीच हाय." म्हणजे छप्परही झालं! इतके दिवस जे अडलं होतं ते सगळं एका दुपारी सुटलं. नंदा आईच्या लुगड्याला धरून उभी होती, अगदी घट्ट.

कौसल्येने तिची बोटं एकेक करून सोडवली. भावाला म्हणाली, "हिला माघारी ने. मला फिट येती. रातच्याला आली न् हिच्या अंगावर पडले तर? पोर एकली काय करंल?" भावाला काही पटेना. म्हणाला, लहानपणापासून कधी नाही आली तुला, आताच कुठली? ती म्हणाली, "ताईंनी बघितलंया. इचार त्यास्नी."

भावाने माझ्याकडे पाहिलं. नंदानेही पाहिलं. धर्मीबाईनेही. माझ्या हातात वाढायची पळी होती.

मी मान हलवली. होकारार्थी. आणि त्याच्या ताटात आणखी खिचडी वाढली, कारण त्याला परत लांब जायचं होतं.

ती दोघं हायवेकडे वळून दिसेनाशी झाली तेव्हा कौसल्या माझ्याजवळ आली. "बरं झालं ताई, तुमी हुता," म्हणाली. "न्हाईतर त्यो ऐकत नव्हता." आणि जाऊन भांडी घासायला बसली.

पुढच्या वर्षी रस्ता रुंद व्हायला लागला, शेड गेली. कौसल्या एका मुकादमाबरोबर उरणच्या बाजूला बांधकामावर गेली. तिला शोधणं अवघड नव्हतं. मी शोधलं नाही. तिला फिट कधीच आली नव्हती. एकदाही नाही. हे तिला कोणी सांगितलेलं नाही.