माझ्याशी ‘आहे’, तिच्याशी ‘हाय’

“तिला नगं उठवू, बूट मळतील तिचं,” ओसरीवर आजोबा काकांना म्हणाले.

मी आत जागीच होते, बूट घालून, नाड्या बांधून. सुट्टीत पलूसला आल्यापासून रोज हेच चाललं होतं. बाहेर माझी चुलत बहीण म्हणाली, “आवं आज्जा, चला की. उजाडलं.”

“चल गड्या,” ते म्हणाले, आणि तिघं उसाच्या कडेच्या रस्त्यानं पळत गेले.

आजोबा फौजेत असताना लांबच्या शर्यती पळायचे. गावी परतल्यावर त्यांनी दोन्ही मुलांना पळवलं. सांगलीत नोकरी लागल्यावर माझ्या बाबांचं पळणं सुटलं, काकांचं टिकलं, आणि आता काकांची ही मुलगी. साताऱ्याच्या मॅरेथॉनला त्या वर्षी तिघं एकत्र उतरणार होते. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय मी काही मागत नसे.

पळण्यापेक्षा मला जास्त लागायचं ते बोलणं. माझ्याशी बोलताना आजोबा शब्द जणू धुऊन पुसून घेत. “बाळ, तू चहा घेणार आहेस का?” साहेबाच्या मुलीशी बोलावं तसं. तिच्याशी मात्र ‘हाय’, ‘न्हाई’, ‘लय दमलास गड्या’. तिच्यावर ते ओरडायचेसुद्धा. मला त्या ओरडण्याचाही हेवा वाटायचा.

शर्यतीचे फॉर्म इंग्रजीत होते, म्हणून ते भरायचं काम माझ्याकडे आलं. अठरा पूर्ण असल्याशिवाय मोठ्या शर्यतीत घेत नव्हते. बहिणीला अठरा पूर्ण होऊन दोनच महिने झाले होते. तिनं जन्मसाल सांगितलं. मी एक साल पुढचं लिहिलं. तिनं न वाचता खाली सही केली आणि म्हणाली, “अक्षर काय झ्याक हाय गं तुझं.”

साताऱ्यात नंबर वाटणाऱ्या टेबलावर तिला मुलींच्या पाच किलोमीटरचा नंबर मिळाला. टेबलामागचा माणूस फॉर्मवर बोट ठेवून म्हणाला, “इथं सतराच होतंय. भरणाऱ्याची चूक असेल, तर तसं लिहून द्या. मग बघू.”

काका बहिणीवर उखडले. “सवताचं साल सांगता येत न्हाई व्हय? एवढी घोडी झालीस.”

नंबर लावायच्या पिना मुठीत धरून ती उभी होती. “माझंच चुकलं असंल,” ती म्हणाली.

आजोबा माझ्याकडे वळले. “बाळ, हिनं तुला साल चुकीचं सांगितलं आहे का?”

त्यांनी इतकं सांभाळून विचारलं, की हो म्हणणं अगदी सोपं होतं.

“न्हाई, आजोबा,” मी म्हणाले. “तिनं बरोबर सांगितलं होतं. मी मुद्दाम चुकीचं लिहिलं.”