एका खोलीपुरता गारवा

इमारतीतली पोरं त्यांना चिल्लरकाका म्हणायची. मूळ शब्द चिलर, पण पोरांच्या जिभेला कुठे हाड असतं! काकांनी उभा जन्म एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, सांभाळण्यात घालवला. यंत्राचा आवाज जरा बदलला की भरल्या ताटावरून उठणारा हा माणूस. बायको खोकून बेजार झाली तरी मान वर करत नसे.

इमारत नवी होती तेव्हा बैठकीत प्रश्न निघाला, घरं गार करायची कशी? सोपा मार्ग म्हणजे ज्याने त्याने आपल्या खोलीत गॅसचं यंत्र, म्हणजे साधा एसी, लावायचं, त्याचा डबा बाहेर भिंतीला टांगायचा, बटण दाबलं की गार. काकांचा मार्ग निराळा. गच्चीवर एकच मोठा चिलर बसवायचा आणि त्यातलं गार पाणी पाइपांतून घरोघर फिरवायचं.

"भिंतींना डबे टांगून इमारतीची रया घालवायचीय का?" काका कडाडले. "एक यंत्र, एकाच माणसाची निगा. वीजही कमी जाईल."

नाकाने कांदे सोलावेत तर काकांनीच. लोकांनी माना डोलावल्या आणि गच्चीची किल्ली त्यांच्याच हाती दिली. नियमही त्यांनीच घातला: निदान चौथाई घरांनी गारवा मागितला, तरच चिलर चालवायचा. दोन-चार घरांसाठी चालवला तर तो सारखा बंद-चालू होतो आणि लवकर मरतो. यात चूक काहीच नव्हतं. दुर्दैव ते हेच.

पुढे काकूंचं हृदय अधू झालं. उकाडा यांना सोसायचा नाही, डॉक्टरांनी बजावलं. नेमक्या त्याच सुमारास, चिलरची वाट बघून कंटाळलेल्या पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकेने खोलीत गॅसचं यंत्र लावून घेतलं. तिचं बघून शेजाऱ्याने, त्याचं बघून वरच्याने. गारवा मागणारी घरं घटत गेली आणि ऐन उन्हाळ्यात चिलर बंद पडून राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"अहो, किल्ली तुमच्याचकडे आहे ना?" काकू धापा टाकत म्हणाल्या. "मला श्वास पुरत नाही हो."

"एका घरासाठी चिलर चालवत नाहीत. लोड पुरत नाही त्याला, एवढ्याशा कामाने सारखा बंद-चालू होतो."

"मग तो डबा तरी आणा."

"माझ्या घरात डबा? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

आणि काका ओला टॉवेल पिळून खिडकीला लावत बसले. काकूंच्या जिवापेक्षा त्यांना स्वतःचा शब्द मोठा वाटला, दुसरं काही नाही.

काकांची मुलगी सहज म्हणून आली आणि आईचे निळे पडलेले ओठ बघून दारातच थबकली. "बाबा, तुम्हाला बायको हवीय की चिलर?" काका तिला लोड समजावू लागले. पालथ्या घड्यावर पाणी! तिने आईची बॅग भरली आणि तिला आपल्या घरी न्यायला टॅक्सी बोलावली. जिना उतरताना काकूंनी मागे वळून पाहिलं नाही.

रिकाम्या घराने मात्र काकांना आठवड्यात नमवलं. त्यांनी फिटर बोलावला, भिंतीला भोक पाडून घेतलं, डबा टांगून घेतला. समोरच्या गॅलरीत लोक तोंडावर हात धरून हसत होते, तेही सोसलं. खोली बघता बघता गार झाली. काकूंच्या पलंगावर त्यांनी नवी चादर घातली आणि फोन लावला.

"ये आता. खोली मस्त गार झालीय."

"चिलर चालवलात?"

"नाही. डबा लावला."

काकू चिडून नव्हे, चौकशी करावी तशा म्हणाल्या, "त्याला एका माणसाचा लोड पुरतो का हो?"

"पुरतो की! ते एका खोलीसाठीच असतं," काका उत्साहाने म्हणाले.

"मग बरं झालं. आता तुम्ही एकटेच आहात."