खोडून उरलेली दोन पानं

कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहराच्या रस्ते खात्यात आर्डिथ प्रोव्होला एकोणतीस वर्षं झाली होती. तिचे वडील याच खात्यात बर्फ सारणारी गाडी चालवायचे आणि तळमजल्यावरच्या गॅरेजमध्ये बसायचे. ती इंजिनीयर होऊन तिसऱ्या मजल्यावर बसली. प्रेस्टन या तिच्या काळ्या वस्तीच्या गावातली लोकं तेव्हा चर्चमध्ये उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिसऱ्या मजल्यावर मात्र तिच्यासारखी काळी इंजिनीयर तिच्याआधी कुणी नव्हती आणि पुढेही कुणी आली नाही.

तिथे तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं, गोरा इंजिनीयर ग्लेन झ्विकर. दोघं बावीस वर्षं रोज बाराला खिडकीशी जेवायला बसत. मे महिन्यात तो घरचं लॉबस्टर घातलेले पाव आणायचा, एक तिच्यासाठी. तिची आई अंथरुणाला खिळली होती त्या हिवाळ्यात तिच्या दारातला बर्फ त्यानेच फावड्याने काढला होता. न सांगता यायचा, काढून जायचा.

सप्टेंबरात केझाया बील्सचा फोन आला. केझाया प्रेस्टनचीच, आता विद्यापीठात संशोधन करत होती. काळी मुलं इंजिनीयरिंगकडे इतकी कमी का येतात, आलेली टिकत का नाहीत आणि त्यासाठी काय करता येईल, असा तिचा विषय होता.

"मग सोडून गेलेल्यांना विचार की," आर्डिथ म्हणाली. "मी कुठे गेलेय?"

"त्यांना विचारून झालं, मावशी. आता न गेलेल्यांना विचारायचंय, कशा राहिलात म्हणून."

शनिवारी केझाया घरी आली. तिकडच्या रिवाजाप्रमाणे शनिवारचे बीन्स आणि काळपट गोड पाव होताच. तिने टेबलावर रेकॉर्डर ठेवला. "एक तास पुरे," असं ठरलं होतं, पण आर्डिथ तीन तास बोलली. आपल्या पोटात एवढं बोलणं साठलंय हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

ती एका भिंतीबद्दलही बोलली. २००४ साली किनाऱ्याच्या रस्त्यावर कडा सारखा खचत होता. तो धरून ठेवणारी भिंत आर्डिथने आखली. चौदा महिन्यांचं काम, प्रत्येक आकडा तिचा. ग्लेनने फक्त तिची गणितं तपासून दिली होती. उद्घाटनाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी माईकवरून सांगितलं, "या भिंतीचे शिल्पकार, आपले ग्लेन झ्विकर!" ग्लेनने बुटांकडे बघितलं. मग पुढे जाऊन हात मिळवला. परतताना गाडीत तो हॉकीच्या सामन्याबद्दल बोलत राहिला. खात्याच्या कागदांवरही तेच नाव चढलं. दुसऱ्या दिवशी बाराला दोघं खिडकीशी जेवायला बसली. त्या भिंतीचा विषय पुढे एकोणीस वर्षं कुणी काढला नाही.

तीन आठवड्यांनी मुलाखत कागदावर उतरून आली. अठरा पानं. वर नाव नव्हतं, 'क्रमांक नऊ' असं लिहिलं होतं. सोबत केझायाची चिठ्ठी: ज्यावरून तुम्ही ओळखू याल ते सगळं खोडून टाका.

आर्डिथ पेन्सिल घेऊन बसली. 'मजल्यावर मी एकटीच' हे खोडलं, कारण अशी एकटी सबंध खात्यात तीच. वडिलांची बर्फाची गाडी गेली. प्रेस्टन गेलं, चर्च गेलं. भिंतीची चार पानं गेली. शेवटी दोन पानं राहिली, त्यांत 'कधीकधी फार एकटं वाटतं' अशी वाक्यं होती. तिने ती दोनदा वाचली. ही बाई कोण, ते तिलाच कळेना.

तिने केझायाला फोन लावला. "सगळी पानं राहू दे. आणि माझं नाव घाल."

"मावशी, घाई करू नका. तुमच्या नोकरीची दोन वर्षं राहिलीत. आणि त्या भिंतीवाल्या माणसाचं काय?"

"त्याचं नाव नको घालूस."

"नाही घातलं तरी कळेलच ना सगळ्यांना?"

"कळेल," आर्डिथ म्हणाली. "भिंत मी बांधलीय गं, केझाया."

ग्लेनला आधी सांगायचं तिने ठरवलं होतं. सोमवारी तो नातीबद्दल बोलत होता, म्हणून राहिलं. बुधवारी त्याचा गुडघा दुखत होता. पुढे ख्रिसमस आला. सांगायचं राहूनच गेलं, आणि ती चूक आपली, हे तिने स्वतःपासून कधी लपवलं नाही.

फेब्रुवारीत केझायाचा अहवाल आला. वर्तमानपत्राने अर्धं पान दिलं, मधोमध तिचा फोटो. सकाळी ग्लेन ते पान हातात घेऊन तिच्या टेबलाशी उभा राहिला.

"अगं, मला एका शब्दाने बोलली नाहीस कधी."

"तू तिथेच होतास, ग्लेन."

"मी काय मागायला गेलो होतो का? साहेबांनी नाव घेतलं. चार लोकांत मी काय करणार होतो?"

"त्या दिवशी काही नाही. पण दुसऱ्या दिवशी?"

त्याने पानाची घडी घातली. कान लाल झाले होते. "तुझ्या दारातला बर्फ काढलाय मी," तो शेवटी म्हणाला.

"काढलास. तेही सांगितलंय मी तिला. मुलाखतीच्या सोळाव्या पानावर आहे."

त्या दिवसापासून तो गाडीत बसून जेवू लागला. बाकीचे तिच्याशी जास्तच गोड बोलू लागले, ती आली की गप्पा थांबायच्या. साहेबांनी तिला बोलावून "तुमचा अभिमान वाटतो" म्हटलं आणि या विषयावर एक समिती नेमली. समिती दोनदा बसली. जूनमध्ये ग्लेन निवृत्त झाला. केक कापला तेव्हा आर्डिथ मागे उभी होती. तो सगळ्यांशी हात मिळवत आला आणि तिच्या आधीच्या माणसापाशी थांबून परत वळला.

ऑक्टोबरात कागदपत्रांच्या विभागातून एक बाई वर आली. "झ्विकरसाहेबांचं पत्र आलंय. भिंतीचं काम प्रोव्होबाईंचं, नाव दुरुस्त करा, असं लिहिलंय. तुमची सही लागेल."

आर्डिथने सही केली. घरी जाऊन कोट न काढताच तिने फोन लावला. ग्लेनच्या बायकोने उचलला.

"ग्लेन आहे का? आर्डिथ बोलतेय."

 पलीकडे मागून त्याचं खोकणं ऐकू आलं. ते खोकणं तिने कुठेही ओळखलं असतं.

"बाहेर गेलाय तो," बायको अवघडून म्हणाली. "काही निरोप आहे का?"

"पत्र मिळालं म्हणावं." आर्डिथने कोटाचं एक बटण काढलं. "आणि गुडघा कसा आहे, विचारलंय म्हणावं."

"सांगते हं."

त्यानंतर तिने नोकरीचं राहिलेलं वर्ष पुरं केलं. त्याचा फोन आला नाही. नाव घातल्याचा पश्चात्ताप तिला कधी झाला नाही. केझायाने विचारलं तेव्हा तिने तसंच सांगितलं. रेकॉर्डर चालू नव्हता, म्हणून पुढे हेही म्हणाली, "त्याची आठवण मात्र येते गं. फार येते."