दहा हजार एकचं मूळ

युद्धाचे दिवस होते, साखर कंट्रोलची, म्हणून मला बघायला येणाऱ्यांना आम्ही गुळाचा चहा देत असू. चहा पिऊन मंडळी विचारायची, स्वयंपाक येतो का, भरतकाम येतं का. खालापूरहून आलेल्या शाळामास्तरांनी मात्र बशी खाली ठेवून विचारलं, "दहा हजार एक ही मूळ संख्या आहे का?"

मूळ संख्या म्हणजे जिला एकाशिवाय आणि स्वतःशिवाय कुणाचाच पुरता भाग जात नाही. उत्तर रविवारपर्यंत कळवते, असं मी म्हणाले, आणि मनात ठरवून टाकलं, लग्न करीन तर ह्याच माणसाशी.

मंडळी गेल्यावर दहिवलीच्या आमच्या ओटीवर पाटी घेऊन बसले. शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, एवढंच काम. सातने जाईना, अकराने जाईना, तेराने जाईना. पुढून वाचा की मागून, सारखीच दिसणारी ती बया कुणालाच दाद देईना. एकाहत्तरनेही बाकी उरली तेव्हा माझं डोकं फिरलं. आत वडिलांना ओरडून सांगितलं, "मूळ आहे हो, मूळच आहे!"

कुंपणापलीकडे शेजारीण गोवऱ्या थापत होती. तिची बहीण खालापूरला दिलेली. दोन दिवसांत निरोप पोचला, "पोरगी मुळावरची हाय गं, मी माज्या कानानं आयकलं."

मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याच्या जिवावर येते, असं तेव्हा मानत. शनिवारी मास्तरांचे वडील घामाघूम होऊन आमच्या ओटीवर हजर. माझ्या वडिलांनी पत्रिका काढून रोहिणी नक्षत्र दाखवलं.

"पत्रिका काय, हव्या तशा मांडून मिळतात."

"अहो, ती संख्येबद्दल बोलत होती. संख्या वेगळी, नक्षत्र वेगळं."

"मूळ ते मूळ," म्हणून ते उठले आणि वहाणा शोधू लागले.

मला रडूच फुटलं. एवढा मनासारखा माणूस एका शब्दापायी हातचा चालला होता. रागारागाने पाटी ओढली आणि राहिलेला पुढचा भागाकार मांडला, त्र्याहत्तरचा. एक गेला, तीन गेले, सात गेले आणि बाकी शून्य!

"मूळ नाही हो!" मी किंचाळले. "त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस!"

ते एका पायात वहाण घालून थबकले. "नक्की नाही?"

"नक्की. संयुक्त आहे."

"संयुक्त?" त्यांचा चेहरा उजळला. "मग उत्तमच की. आमचं कुटुंबही एकत्रच आहे." वहाण काढून ते परत बसले आणि त्यांनी आपणहून चहा मागितला.

पुढे ते चांगले म्हातारे झाले. पण साधी सर्दी झाली तरी मला हाक यायची, "सूनबाई, जरा पाटी आणा. तो त्र्याहत्तरचा भागाकार एकदा करून दाखवा."

मी पलंगाशी बसून दाखवायची. बाकी शून्य आली, की मगच ते काढा घेत.