मामांचा तळ

माझ्या मामांच्या तोंडी एकच शब्द: तळ. "तळ आला की घ्यायचं गं, वर असताना नाही." मी शेअर दलालाच्या ऑफिसात कामाला, म्हणून हे सगळं ऐकायला मीच. कान किटले माझे.

मामा वॉशिंग मशीन, फ्रिज, लिफ्ट यांचे बोर्ड दुरुस्त करतात. तळमजल्यावर दुकान, सतरा पायऱ्या चढून वर घर. दुकानाच्या भिंतीला जुन्या बोर्डांतून काढलेल्या चिपचे ड्रॉवर, प्रत्येकावर मामांचं किरटं अक्षर. चिप बनवणाऱ्या कंपन्यांचं काय चाललंय हे त्यांना पेपरातून नाही, दुकानातल्या बाकड्यावरून कळतं. चिपचा तुटवडा पडला की नवं मशीन महागतं, लोक जुनंच घेऊन धावत येतात आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. चिप उदंड झाल्या की नवा बोर्डच स्वस्त पडतो. मग मामा माश्या मारत बसतात.

एकदा मात्र फसले. अशाच गर्दीच्या दिवसांत एक चिप दसपट भावाने घ्यावी लागली, तेव्हा वैतागून म्हणाले, "एवढा पैसा कमावतायत, मग ह्यांचेच शेअर घेऊ!" नफा भरघोस होता, त्यामानाने शेअर स्वस्त दिसत होता. पण तुटवडा बघून सगळ्यांनीच कारखाने वाढवले होते. वर्षभरात चिपचा ढीग झाला, भाव कोसळले, पाठोपाठ शेअरही, आणि मामांचे निम्मे पैसे बुडाले. तेव्हापासून नियम झाला, दुकान रिकामं असेल तेव्हाच, म्हणजे चिप कंपन्या तळाला असताना, शेअर घ्यायचे.

गेल्या वर्षी दुकान इतकं रिकामं झालं की मामा खुशीत आले. धंदा बसला म्हणून खूश होणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही! "तळ आलाय. आता इथून वरच!" पैसे होते ते मामींच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचे. मामी तीन वर्षं खाली उतरल्या नव्हत्या. मामांचा डबा त्या खिडकीतून दोरीला बांधून सोडायच्या.

"निम्मे घाला," मी म्हटलं.

"म्हणजे एकच गुडघा?"

"तळ अजून खाली गेला तर?"

"जाईल की. पण चक्र आहे, फिरणारच. दोन वर्षं धर, फार तर तीन."

"आणि डॉक्टर काय म्हणाले? उशीर केला तर पायांतली ताकद जाईल!" माझा आवाज चढला. "कंपनीचं चक्र फिरतं मामा. गुडघ्यांना कुठलं आलंय चक्र?"

मामा तणतणत वर गेले, मामींनाच विचारायला. मी मागोमाग. मामी खिडकीशी दोरी गुंडाळत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "घाला की. मला कुठे जायचंय? बसूनच तर आहे."

राग नाही, टोमणा नाही. मामा खाली येताना नवव्या पायरीवर बसले.

"तिला खरंच वाटतंय गं, की कुठे जायचं नाही," ते म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले. मग चष्मा चढवून म्हणाले, "ऑर्डर नको टाकूस."

दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, मामींना खुर्चीतूनच नेलं-आणलं; पायांत ताकद यायला मात्र महिने गेले. आणि शेअर? आठ महिन्यांत दुप्पट! मामांचा तळ अगदी अचूक होता. मी सांगितलं तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. जन्मात एकदा अंदाज बरोबर आला आणि हात रिकामे, वाईट वाटणारच. मलाही चुटपुट लागली, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात असताना जिन्यात काठी वाजली. मामा हातातलं सोल्डरिंगचं काम टाकून उठले. "थांब, मी येतो!"

"कुणी यायचं नाही," वरून मामींनी दरडावलं.

एकेक पायरी, मध्ये दम खात, सतरा. शेवटच्या पायरीवरून त्यांनी जमिनीवर पाय टेकला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गाठला बाई तळ!"

मामा हसायला लागले, हसता हसता डोळे भरून आले. गिऱ्हाइकाचं स्टूल त्यांनी बाहीने पुसलं आणि पुढे सरकवलं.

"आता इथून वरच," ते कसंबसं म्हणाले.

"इतक्यात वर कशाला?" मामी स्टुलावर बसून ड्रॉवरांवरची नावं वाचायला लागल्या. "आत्ताच तर आलेय."