भिंतभर गॅलरी

लालबागची आमची चाळ पाडली आणि काही वर्षांनी त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये आम्हाला घर मिळालं. आईने आल्या आल्या हॉलची एक भिंत राखून ठेवली. तिथे चाळीतल्या आमच्या गॅलरीचा फोटो लावायचा, आणि तोही भिंतभर. घरात डिझायनर मी, त्यामुळे काम माझ्याच गळ्यात.

फोटो आईनेच मोबाईलवर काढलेला, चाळ सोडली त्या दिवशी. मूळ फाइल मागितली तर म्हणाली, चाळीच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच डिलीट केला, मोबाईल भरला होता. कशाने भरला होता? ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांनी. ते गुलाब मात्र आजही शाबूत आहेत. आणि ग्रुपवरून परत मिळालेला फोटो पार आक्रसलेला.

मी डोकं शांत ठेवून समजावलं. फोटो म्हणजे ठिपके, आणि आहेत तेवढेच आहेत. मोबाईलच्या स्क्रीनला ते पुरतात. कागदावर स्वच्छ छापायचं तर एकेका इंचात तीनशे ठिपके लागतात, म्हणजे हा फोटो जेमतेम तळहाताएवढा होणार. भिंतभर ताणला तर नुसते चौकोन दिसतील. आईने चष्मा लावला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली की इथे तर किती स्वच्छ दिसतोय.

मग भाऊ मदतीला धावला. लॅपटॉपवर फोटोच्या माहितीत इंचाला बहात्तर ठिपके असं लिहिलेलं होतं, तिथे त्याने तीनशे टाइप केलं आणि झालं म्हणाला. अरे, पिशवीवर एक लिटर लिहिलं म्हणून आतलं अर्धा लिटर दूध वाढतं का? दोघं माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच ठिपके दडवून ठेवलेत.

शेवटी तळहाताएवढा प्रिंट काढून आणला. सुरेख आला होता. आईने पाहिला आणि टेबलावर ठेवून दिला. तेव्हा मात्र माझा पारा चढला. एवढ्या मोठ्या फोटोचा हट्ट कुणाला दाखवायला, असं मी विचारलंच.

आई उठून भिंतीपाशी गेली. कमरेच्या उंचीवर तिने पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली होती. तिथे तिने हात टेकला.

“कठडा इथे यायला हवा रे. सकाळचा चहा घेऊन उभी राहायचे ना मी.”

मी आणखीच चिडलो. “मग चाळ पाडायच्या आधी सांगायचंस. माझा मोठा कॅमेरा घेऊन आलो असतो.”

“तेव्हा कशाला सांगू?” ती म्हणाली. “तेव्हा गॅलरी होती ना.”